तळघरातलं राज्य

मागच्या सेमिस्टरला पीएल लागायच्या जरा आधी एक गोष्ट घडली आणि मी चार दिवस एका ज्युनियरशी बोललो नाही. कारण ऐकलंत तर हसाल. त्याने माझं राज्य पळवलं होतं!

राज्य म्हणजे दोनशे पानी वही. दर शनिवारी रात्री मेस आटोपली की आमच्या विंगच्या शेवटच्या खोलीत सहा-सात जण जमतो. मधे चटई, चटईवर ग्राफ पेपर, पेन्सिली, फासे आणि शेंगदाण्याची पुडी. खेळाचं नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. यात प्रत्येक जण एक पात्र घेतो. कुणी योद्धा, कुणी मांत्रिक, कुणी चोर. मी पात्र घेत नाही, मी डंजन मास्टर. म्हणजे पात्रांच्या भोवतीचं सगळं जग मी चालवायचं. ते म्हणतात दार ढकललं, मी सांगतो दारामागे काय आहे. जमलं की फसलं ते फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या असल्या तर असल्या, आणि शेवटही नाही. तीच पात्रं, तेच जग घेऊन महिनोन्महिने चालतो त्याला कॅम्पेन म्हणतात. माझ्या कॅम्पेनचं अख्खं जग त्या वहीत होतं. नद्या, किल्ले, राजे, त्यांची भांडणं, कुठल्या भुयारात कुठला सापळा, सगळं.

या पठ्ठ्याने वही वाचायला म्हणून नेली, झेरॉक्स काढली आणि दुसऱ्या ब्लॉकमध्ये स्वतःचा खेळ सुरू केला. वर माझ्या भल्या राजाला खलनायक केला आणि माझ्या वाळवंटात बंदर बांधलं. लहानपणी दिवाळीच्या किल्ल्यावरून शेजारच्या पोरांशी झालेली मारामारी आठवली. तेव्हासुद्धा इतका चिडलो नव्हतो.

मग म्हटलं, हा खेळ ज्याने काढला त्याच्या चरित्रातच पुरावा शोधू. स्वतःचं जग असं कुणी पळवल्यावर त्याने काय केलं असेल? म्हणून गॅरी गायगॅक्सबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. पुरावा सापडला, पण कोणाच्या बाजूने ते शेवटी सांगतो.

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले, व्हायोलिनवादक. १९४६ मध्ये हे कुटुंब विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावी राहायला गेलं. (नावावर जाऊ नका, स्वित्झर्लंडचं जिनिव्हा वेगळं. हे अमेरिकेतलं तळ्याकाठचं गाव.) गॅरीला पत्ते आणि बुद्धिबळ लहानपणीच लागलेलं, शिवाय साहसकथांच्या मासिकांचं वेड. गावातल्या एका ओसाड पडलेल्या इस्पितळाच्या भुयारांतून मित्रांबरोबर हिंडणं हा त्याचा आवडता उद्योग. अभ्यासात मात्र आनंदीआनंद. शाळा त्याने पुरी केलीच नाही.

पुढे लग्न झालं, पाच मुलं झाली आणि शिकागोत विमा कंपनीत नोकरी लागली. काम अंडररायटरचं, म्हणजे समोरच्या माणसाचं किंवा मालमत्तेचं काय बरंवाईट होण्याची शक्यता किती याचा हिशोब करायचा. दिवसा हा हिशोब आणि रात्री युद्धखेळ. नकाशावर किंवा टेबलावर छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडून जुन्या लढाया नियमांनिशी लढायच्या, असा हा छंद. १९६७ मध्ये त्याने वीसेक खेळगडी घरी जमवले. पुढच्या वर्षी घर पुरेना म्हणून ५० डॉलर भाडं भरून गावातला हॉर्टिकल्चरल हॉल घेतला. त्या मेळाव्याचं नाव ‘जेन कॉन’. आज तो अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खेळमेळाव्यांपैकी एक आहे.

१९६९ च्या जेन कॉनला त्याची गाठ पडली डेव्ह आर्नेसनशी. हा मिनेसोटा विद्यापीठाचा विद्यार्थी, म्हणजे आपल्यासारखाच. दोघांनी मिळून जहाजांच्या लढाईच्या नियमांवर काम केलं आणि पत्रव्यवहार सुरू राहिला.

१९७० मध्ये गॅरीची नोकरी गेली. पाच मुलांचा बाप, वय बत्तीस, हातात पदवी नाही. त्याने घराच्या तळघरात चपला-बूट दुरुस्तीचं काम सुरू केलं. आपल्याकडे कुणी याला अपयश म्हणेल. पण त्याच काळात त्याने जेफ पेरेनबरोबर ‘चेनमेल’ नावाची मध्ययुगीन लढाईची नियमावली लिहिली. ती १९७१ मध्ये छापली गेली. तिच्या शेवटी त्याने एक पुरवणी जोडली होती, ड्रॅगन, मांत्रिक आणि राक्षस लढाईत उतरवायचे असतील तर काय करायचं याची.

इथे गोष्ट मिनेसोटाकडे वळते, कारण ठिणगी तिथे पडली. आर्नेसनच्या कंपूतल्या डेव्हिड वेस्लीने १९६९ मध्ये एक खेळ घेतला होता, त्यात खेळाडूच्या हाती पलटण नव्हती. प्रत्येकाने गावातला एकेक माणूस व्हायचं आणि आपापला डाव साधायचा. आर्नेसनने ही कल्पना उचलली, तिला ‘चेनमेल’चे नियम जोडले आणि १९७१ मध्ये ‘ब्लॅकमूर’ नावाचं जग उभं केलं. किल्ला, किल्ल्याखाली भुयारं, भुयारांत राक्षस आणि खजिना. शिवाय पात्र एका खेळीत मरत नाही, शिकत जातं, बळकट होतं. नियम बरेचसे त्याच्या डोक्यातच. गंमत म्हणजे ब्लॅकमूरची जागा गॅरीच्या मंडळाने आखलेल्या एका सामाईक नकाशाच्या कोपऱ्यात होती. कोपरा ज्याने मागितला त्याला दिलेला!

१९७२ च्या अखेरीस आर्नेसन लेक जिनिव्हाला आला आणि त्याने गॅरीच्या घरी तो खेळ घेऊन दाखवला. गॅरी इतका भारावला की आर्नेसनकडून टिपणं मागवून कामालाच बसला. काही आठवड्यांत ५० पानांचा मसुदा तयार झाला. तो मित्रांत वाटला, खेळून पाहिला, दुरुस्त केला, आणि १९७३ मध्ये तो तिपटीवर गेला.

नियम तपासायला जग लागतं. म्हणून गॅरीने स्वतःचा किल्ला रचला, त्याचं नाव ‘ग्रेहॉक’. पहिली बळी, म्हणजे पहिले खेळाडू, घरचेच होते. तेरा वर्षांचा मुलगा अर्नी आणि मुलगी इलाईझ. दोघं पहिल्या पातळीवर उतरले, गोमेसारख्या प्रचंड किड्यांशी लढले आणि त्यांना पेटी सापडली ३००० नाण्यांची. तीही तांब्याची, आणि उचलता न येण्याइतकी जड! पोरं हिरमुसली. पण ती झोपायला गेल्यावर बापाने ग्राफ पेपर पुढे ओढला आणि दुसरी पातळी आखायला घेतली.

पुढच्या खेळींना मित्र आले, मित्रांचे मित्र आले. कधीकधी वीस-वीस जण. एका रात्रीत जेवढं आखून व्हायचं तेवढंच जग अस्तित्वात असायचं! किल्ल्याखाली होता होता तेरा पातळ्या झाल्या. सर्वांत खाली या सगळ्याचा वेडा वास्तुविशारद झॅगिग बसलेला. हे नाव म्हणजे गायगॅक्स उलटीकडून उच्चारायचा प्रयत्न. अर्नीच्या मांत्रिकाचं नाव टेन्सर, ‘अर्नेस्ट’ची अक्षरं उलटसुलट करून. तळ गाठणाऱ्याला बक्षीस काय? एका लांबलचक घसरगुंडीवरून थेट पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला रवानगी. रॉब कुन्ट्झ नावाचा पोरगा एकट्याने खेळत तिथपर्यंत पोचला.

आम्हा डंजन मास्टर लोकांनी वहीत लिहून ठेवावं असं बरंच काही या दिवसांत आहे. एक, गॅरीच्या किल्ल्याच्या नोंदी अगदी त्रोटक असायच्या. खोलीला एखादी ओळ, बाकीचं टेबलावर सुचेल ते. दोन, त्याने सुरुवातीला वेगळा नकाशाच काढला नाही. उत्तर अमेरिकेचा नकाशा घेतला आणि ग्रेहॉक शहर साधारण शिकागोच्या जागी ठेवलं. तीन, पैशाचा हिशोब. खेळाडू भुयारातून पोती भरभरून सोनं आणतात, मग गावात भाव तसेच कसे राहतील? सोन्याच्या खाणी सापडल्यावर त्या भागात फावड्याचासुद्धा भाव चढतो, तीच गोष्ट इथे लावायची. चार, कॅलेंडर. प्रत्यक्षात आठवडा गेला तर जगातही आठवडा गेला पाहिजे. जखमा भरतात, शत्रू तयारी करतात. यातल्या बऱ्याच गोष्टी त्याने पुढे १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये सविस्तर लिहिल्या.

आणि फासे! सहा बाजूंचा फासा आपल्याला माहीत. पण ४, ८, १२ आणि २० बाजूंचे फासे त्याला शाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका कॅटलॉगमध्ये सापडले. एम-थ्री ज्यांची राहिली असेल त्यांनी लक्ष द्या. दोन साधे फासे टाकले तर ७ पडायची शक्यता ३६ पैकी ६, आणि १२ पडायची फक्त १. पण २० बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याला सारखे ५ टक्के. त्यामुळे नियमात एका आकड्याचा फरक केला की शक्यता बरोबर ५ टक्क्यांनी हलते. विमा कंपनीत काढलेली वर्षं वाया गेली नव्हती.

पण मला सर्वांत जास्त टोचली ती पुढची गोष्ट. गॅरीलाही कधीतरी पात्र घेऊन खेळावंसं वाटायचं. मग त्याने काय केलं? आपलं जग विशीही न गाठलेल्या त्या रॉब कुन्ट्झच्या हवाली केलं. रॉबने स्वतःच्या किल्ल्याचा भाग ग्रेहॉकमध्ये मिसळला, दोघं आलटून पालटून डंजन मास्टर झाले आणि गॅरी स्वतः मॉर्डेनकायनेन नावाचा मांत्रिक घेऊन खेळू लागला. मी इथे वाचन थांबवलं आणि आपल्या झेरॉक्सवाल्या ज्युनियरचा विचार केला. पण राग काही लगेच गेला नाही.

खेळ छापायला कुणी तयार होईना. शेवटी ऑक्टोबर १९७३ मध्ये गॅरी आणि बालमित्र डॉन के यांनी प्रत्येकी १००० डॉलर घालून कंपनी काढली, टीएसआर. थोड्याच दिवसांत ब्रायन ब्लूमने आणखी पैसे घातले. जानेवारी १९७४ मध्ये १००० प्रती निघाल्या. किंमत १० डॉलर. खोकी घरी बसून हाताने भरलेली. लेखक म्हणून नावं दोन, गायगॅक्स आणि आर्नेसन. आणि त्या खोक्यात जग नव्हतंच! ना ग्रेहॉक, ना ब्लॅकमूर. होते फक्त नियम, आणि आपलं जग आपणच करा अशी अपेक्षा. वर्ष उलटायच्या आत सगळ्या प्रती संपल्या.

इथपर्यंतची गोष्ट एखाद्या सिनेमासारखी आहे. पण मित्रांनो, हा माणूस काही धुतल्या तांदळासारखा नव्हता आणि नशीबही धड नव्हतं.

जानेवारी १९७५ मध्ये डॉन के हृदयविकाराने गेला. वय अवघं ३६. त्याचा हिस्सा विकत घ्यायला गॅरीकडे पैसे नव्हते. ब्लूम कुटुंबाकडे होते. कंपनी वाढत होती, पण तिच्यात गॅरीचा वाटा अर्ध्याहून कमी झाला. तेव्हा त्याचं महत्त्व त्याच्या लक्षात आलं नसावं.

मग १९७७ ते १९७९ या काळात त्याने ‘अॅडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची तीन जाड पुस्तकं आणली. प्रचंड काम. पण याच काळात त्याचा सूर बदलला. ज्याने सगळ्यांना जग आणि नियम आपापले बदलायला सांगितले होते, तोच आता लिहू लागला की नियम बदलून खेळाल तर तो हा खेळ नव्हेच. कारणंही होती. देशभर स्पर्धा होत होत्या, पत्रांचा पाऊस पडत होता, सगळीकडे एकच खेळ चालायला हवा होता. शिवाय नव्या पुस्तकांवर नाव एकट्या गायगॅक्सचं. आर्नेसनला मानधन मिळेना. त्याने १९७९ मध्ये दावा लावला, १९८१ मध्ये तडजोड झाली आणि मूळ खेळाचे जनक म्हणून दोघांचं नाव कायम राहिलं. पण मैत्रीची जी काशी व्हायची ती झालीच. मला वाटतं, गॅरीच्या आयुष्यातली खरी चूक ही. कोपरे वाटून दिलेल्या नकाशावर जन्मलेला खेळ त्याला एकट्याच्या नावावर करावासा वाटला.

तरीही जगाच्या बाबतीत तो शहाणाच राहिला. १९८० मध्ये ग्रेहॉक छापायची वेळ आली तेव्हा त्याने घरचा खासगी नकाशा दिलाच नाही. छापता येईल तेवढ्या मोठ्या दोन कागदांवर मावेल असा नवा नकाशा आखला, चित्रकर्ती डार्लीनने तो देखणा रंगवला, आणि सोबत फक्त ३२ पानांची माहिती. देशांची नावं, राजे, थोडा इतिहास. बाकी सगळं मुद्दाम कोरं. विकत घेणाऱ्याने आपली गावं, आपली भांडणं भरावीत म्हणून. म्हणजे दुकानात मिळणारं ग्रेहॉक हे कधीच गॅरीचं ग्रेहॉक नव्हतं, आणि घेणाऱ्या प्रत्येकाकडे वेगळंच होतं.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९८३ मध्ये खेळावर कार्टून मालिका आली, गॅरी हॉलिवूडला राहायला गेला. त्याच वर्षी घटस्फोट झाला. इकडे कंपनी कर्जात बुडाली. १९८४ मध्ये तो परतला, १९८५ मध्ये सूत्रं हाती घेतली, नव्या पुस्तकांनी पैसा आणला. कारभार बघायला त्याने लॉरेन विल्यम्स यांना आणलं. ब्लूम बंधूंनी आपले शेअर त्यांनाच विकले आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये गॅरीला त्याच्याच कंपनीच्या प्रमुखपदावरून दूर करण्यात आलं. तो कोर्टात गेला, हरला, आणि १९८६ च्या अखेरीस उरलेले शेअर विकून बाहेर पडला.

बाहेर पडताना ग्रेहॉक आत राहिलं. मुलं झोपल्यावर आखलेला किल्ला, त्याचं स्वतःचं पात्र मॉर्डेनकायनेन, सगळं कंपनीच्या मालकीचं. त्याला कादंबऱ्यांचा नायक गॉर्ड तेवढा नेता आला. मग त्याने काय केलं? १९८८ मध्ये गॉर्डच्या शेवटच्या कादंबरीत त्याने ते अख्खं जग नष्ट करून टाकलं! माझं नाही तर कोणाचंच नाही. त्याच वर्षी कंपनीने ग्रेहॉकच्या किल्ल्यावर एक विनोदी पुस्तक काढलं, सगळी थट्टाच थट्टा. दोन्ही बाजूंनी त्या जगाची माती केली.

आणि झालं काय? काहीच नाही. कादंबरीत जग जळालं त्या शनिवारीसुद्धा कितीतरी घरांत ग्रेहॉक चालूच होतं, कारण तिथलं ग्रेहॉक त्या त्या घरचं होतं. मालकाला ते पुसता येईना आणि निर्मात्यालाही नाही.

नंतर गॅरीने नवे खेळ काढले. एकावर जुन्या कंपनीने दावा लावला आणि १९९४ च्या तडजोडीत तो विकत घेऊन फडताळात टाकला. १९९७ मध्ये ती कंपनीच विकली गेली. नव्या मालकांशी त्याचं बरं जमलं आणि तो पुन्हा त्यांच्या मासिकात लिहू लागला. स्वतःच्या किल्ल्यावरची पुस्तकं त्याने काढायला घेतली, पण ग्रेहॉक हे नाव वापरायची सोय नव्हती. म्हणून नाव ठेवलं झॅगिगचा किल्ला. ते काम पुरं झालं नाही. ४ मार्च २००८ ला लेक जिनिव्हातच तो गेला. अंत्यसंस्कारानंतर जमलेल्या लोकांनी त्याच्या आठवणीत काय केलं असेल? टेबलं मांडली आणि खेळले. त्यातूनच ‘गॅरी कॉन’ हा दरवर्षीचा मेळावा उभा राहिला. आर्नेसनही एप्रिल २००९ मध्ये गेला. आणि २०२४ मध्ये, खेळाला ५० वर्षं झाली तेव्हा, नव्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये नमुन्याचं जग म्हणून पुन्हा ग्रेहॉकच आलं. आपलं आपण भरा म्हणून पुष्कळशी जागा मोकळी सोडून.

तर पुरावा माझ्या विरुद्ध निघाला. शिवाय माझी वही तरी कुठे पूर्ण माझी होती? निम्मे किल्ले खेळताना मित्रांनीच सुचवलेले. त्यातल्या एकाचंही नाव मी वहीत लिहिलं नव्हतं. ती नावं आता पहिल्या पानावर लिहिली आहेत.

पाचव्या दिवशी मी दुसऱ्या ब्लॉकमध्ये गेलो आणि ज्युनियरला म्हटलं, मला एक पात्र दे. त्याने काही न बोलता चटईवर जागा केली. अडीच वर्षांत पहिल्यांदा मी खेळाडू म्हणून बसलो. माझ्याच राज्यात, माझ्याच किल्ल्याखाली, माझ्याच भुयारात उतरलो. डाव्या हाताच्या तिसऱ्या फरशीखाली सापळा आहे हे मला पाठ होतं, म्हणून ऐटीत उजवीकडून गेलो.

पठ्ठ्याने सापळा उजवीकडे हलवला होता. माझं पात्र पहिल्याच रात्री मेलं. पुढच्या शनिवारी दुसरं घेऊन जाणार आहे.